संगाथची मागची सीट

गोंडळ, १० नोव्हेंबर २००२

चि. रंजनबेन,

भूपतचे जय श्रीकृष्ण. पत्र बघून घाबरू नकोस. बापुजी, जशु, हेतल, सगळे मजेत आहेत. फोन मुद्दामच केला नाही. तुमचा फोन तुझ्या सासऱ्यांच्या झोपाळ्याशेजारी असतो, आणि माझ्या शोरूमचा फोन मी उचलला की पलीकडे चंदुच्या टेबलावरचाही हळूच उचलला जातो, असा मला वहीम आहे. म्हणून कागद.

गोष्ट अशी की 'संगाथ' विकली जात नाही. तुझ्या घरच्या माणसानंच ती गाडी आखलीय, म्हणून तुला लिहायला जड जातं. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. जमाईच्या शब्दावर मी वीस वर्षांची ट्रॅक्टरची एजन्सी सोडली. बापुजी तेव्हा म्हणाले होते की ट्रॅक्टर माणूस गरजेपोटी घेतो आणि मोटार हौसेपोटी, आणि हौस कधी फिरेल सांगता येत नाही. आता ते रोज दुपारी शोरूममध्ये येऊन बसतात, काही बोलत नाहीत, उभ्या गाड्यांकडे बघतात आणि परत जातात. बोलले असते तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक येत नाही असं नाही. येतं, आणि अख्खं घर घेऊन येतं. घरचे म्हातारे बापा बॉनेटवर टकटक करून बघतात, पोरं हॉर्न वाजवतात. आम्ही सगळ्यांना वीरपूरला जलारामबापाच्या दर्शनाला नेऊन आणतो. परत येताना मोठी माणसं मधल्या सीटवर पाय पसरून म्हणतात, अरे ही तर घरची बैठक आहे. शकुनाचा सव्वा रुपया ठेवून गाडी बोलून जातात. तुझी भाभी जशु सुनांना कुंकू लावते, चहा देते. आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, भूपतभाई, राहू द्या, ॲव्हरेज कमी पडतं.

कोटडाचे एक दरबार आहेत. जुनी जहागिरी, घोडीला बदाम चारतात. त्यांनी आयुष्यात डिझेलचा हिशेब केला असेल तर मी मिशा काढीन. तेही म्हणाले, ॲव्हरेज कमी पडतं. आणि आठ दिवसांनी राजकोट रस्त्यावरच्या मनसुखकडून तीच ती जुनी, खोक्यासारखी, मागं दार असलेली जीप घेऊन माझ्याच दुकानावरून धूळ उडवत गेले. तिचं ॲव्हरेज आपल्या गाडीपेक्षाही कमी आहे.

पाणी कुठंतरी मुरतंय. भावेशकुमारांना सहज, जेवताना विचार. गाडीत आम्हाला न सांगितलेलं काही आहे का? की आमच्याच गोटातलं कुणी फुटलंय?

तुझा भाई,
भूपत

कडी, २४ नोव्हेंबर २००२

पूज्य मोटाभाई,

तुमचं पत्र पोचलं. जेवताना विचार असं लिहिलंत, पण पिंकीचे पप्पा घरी जेवतात कुठं? रात्री येतात तेव्हा सासूबाईंनी झाकून ठेवलेली खिचडी गार झालेली असते, ती उभ्यानं खातात. विचारलं तर म्हणतात, कारखान्यातली गोष्ट कारखान्यात.

तरी एवढं सांगते. ही तक्रार एकट्या गोंडळची नाही. जुनागढ, अमरेली, पालनपूर, सगळीकडून तेच येतंय. त्यांनी माणसं पाठवून घराघरांतून विचारलं, गाडी का नाही घेतली? शंभरातले नव्वद म्हणाले, ॲव्हरेज. म्हणून आता सगळा कारखाना ॲव्हरेजच्या मागं लागलाय. इंजिनात काय काय बदलतायत. इंजिनात खोट नाही, हे मात्र मला ठाऊक आहे, कारण त्याच्याबद्दल ते झोपेतही बोलतात.

आम्ही बसलो होतो संगाथमध्ये. पहिली गाडी बाहेर पडली तेव्हा बहुचराजीच्या दर्शनाला सगळे गेलो. सासऱ्यांना फार आवडली. मधल्या सीटवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, भावेश, इथं ताट ठेवून जेवता येईल. सासूबाईंना गाडी लागते म्हणून त्या पुढं. मी आणि जाऊबाई मागं. मला काय, बरी आहे गाडी. जाऊ दे ते.

एक विचारते. तुमचं पाकीट तुम्ही डिंकानं चिकटवलं होतं की खळीनं? मला ते दोनदा चिकटवल्यासारखं वाटलं. कदाचित पोस्टात ओलं झालं असेल. हे पत्र यांच्याकडेच देते टाकायला, कारखान्याच्या पेटीतून लवकर जातं.

भाभीला सांगा, त्यांनी पाठवलेला कैरीचा छुंदा पिंकीनं बोटं चाटून संपवला.

तुमची,
रंजन

गोंडळ, १९ डिसेंबर २००२

चि. रंजनबेन,

मी पाकीट थुंकीनं चिकटवतो, डिंक-बिंक काही नाही. म्हणजे कुणीतरी उघडलं. वाटलंच होतं. मनसुखचा मावसा पोस्टात आहे.

चंदुला काढला. गुंडाळ्याच्या नाक्यावर मनसुखच्या माणसाबरोबर गाठिया खाताना मी त्याला डोळ्यांनी बघितलं. विचारलं तर म्हणाला, शेठ, गाठिया खाणं गुन्हा आहे का? मी म्हटलं, कुणाबरोबर खातोस त्यावर आहे. बारा वर्षं कामावर असलेला माणूस. जाताना तो बापुजींच्या पाया पडला, माझ्या नाही. बापुजींनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून ते शोरूममध्ये यायचे बंद झाले.

चंदु गेल्यावर मोवियाचे एक पटेल आले. तेल गिरणीवाले, तीन मुलगे, तिन्ही सुना बरोबर. मी स्वतः गाडी चालवली, स्वतः ॲव्हरेज समजावलं, कंपनीनं नवीन इंजिन घातलंय तेही सांगितलं. बापा खूश. सुना आत जशुकडे चहा प्यायल्या. सव्वा रुपया पडला. मी मनात म्हटलं, सुटलो, भुताचा पिंपळ तोडला. दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलाचा फोन. रंग आवडला नाही म्हणे. रंजन, त्यांनी पांढरी बोलली होती. सौराष्ट्रात पांढरा रंग आवडत नाही असा माणूस तू जन्मात बघितलायस?

आता लिहू नये ते लिहितो. राजकोटच्या डीलरकडे म्हणे कुजबुज आहे की संगाथ बंद होणार. मला, सख्ख्या मेहुण्याला, यातलं काही माहीत नाही आणि राजकोटवाल्याला माहीत आहे. भावेशकुमार आणि तो एकाच कॉलेजचे, हेही मला बाहेरून कळलं. गिऱ्हाइकाच्या कानावर ही बातमी घालायला कुणी सांगितलं असेल? मी नाव घेत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तू त्या घरात राहतेस, तुला दिसत असेलच.

भूपत

कडी, ५ जानेवारी २००३

मोटाभाई,

पत्र वाचून राग आला तो अजून उतरलेला नाही, तरी लिहायला बसले.

तुम्ही नाव घेत नाही, पण बोट मात्र सरळ आमच्या दारावर ठेवता. ज्या माणसाच्या जिवावर बेतलंय तोच स्वतःची गाडी बुडवील का? महिन्याभरात त्यांची पँट कमरेला सैल झालीय. कुजबुज खरी आहे. मार्चपर्यंत बघणार आणि नाही तर बंद. संगाथ बंद झाली तर त्यांना इथून हलवून कुठं मालाच्या गोदामात बसवतील, नाही तर घरी पाठवतील. अकरा वर्षं त्या गाडीवर काढलीत त्यांनी. पिंकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा ते गाडीच्या दारांचं माप घेत होते. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. सांगितलं, कारण तुमच्या डोक्यातलं भूत उतरावं.

आणि चंदुचं तुम्ही वाईट केलंत. चंदुनं माझ्या लग्नात पंगतीत वाढलंय.

घरी रोज एकच विषय असतो. काल सासरे पुन्हा म्हणाले, एवढी ऐसपैस गाडी, लोकांना कळत कसं नाही? मी पलीकडे पोळ्या लाटत होते. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पिंकीचे पप्पा म्हणाले, बापुजी, ॲव्हरेज. मग सासरेही म्हणाले, हो, ॲव्हरेज असेल.

तुमचं मागचं पाकीटही उघडलेलं होतं. पोस्टातल्या मावशाला माझ्या पत्रांत काय गोडी? मला वेगळाच संशय येतो. पण नाव मीही घेत नाही.

रंजन

गोंडळ, २१ जानेवारी २००३

रंजन,

चोर सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं.

संक्रांतीला, उत्तरायणच्या सुट्टीत मी बसून आठवत गेलो, कोणाकोणाची गाडी बोलून फिरली. फिरलेल्या प्रत्येक घरच्या बायका जशुच्या हातचा चहा प्यायल्या होत्या. जी दोन-तीन गिऱ्हाइकं टिकली, त्यांच्याबरोबर बायका आल्याच नव्हत्या. एक तर बिचारा विधुर होता, आणि दुसरा शाळेसाठी गाडी घेत होता.

मग गेल्या आठवड्यात शिवराजगढचे लोक आले तेव्हा मी बापांना चंदुच्या जागी आलेल्या पोराच्या स्वाधीन केलं आणि टायरच्या खोलीत दडून बसलो. जशुनं चहा दिला. मग सुनांना मागच्या आवारात उभ्या असलेल्या संगाथपाशी नेलं. मधलं दार उघडलं, सीट पुढं दुमडली आणि त्यांना एकेकीला मागं बसवलं. काहीतरी बोलली. त्यातली एक हसली, दुसरीनं कपाळाला हात लावला. दोघी उतरल्या, पदर सारखे केले आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी फोन, ॲव्हरेज.

तुला आठवतं ना, जशुचा सख्खा भाऊ मनसुखकडे मिस्त्री आहे? मी मूर्ख, गावभर भुई धोपटत होतो आणि साप चुलीपाशी.

मी विचारलं. आरडाओरडा केला नाही, पण बोलू नये ते बोललो. माझ्या घरचं खाऊन भावाच्या ताटात वाढतेस, असं काहीतरी बोललो. तिनं मान खाली घातली नाही. म्हणाली, "मला विचारू नका. तुमच्या बहिणीला विचारा." तेवढंच. संध्याकाळी हेतलला घेऊन जसदणला माहेरी गेली. कपाटाच्या किल्ल्या देवापुढं ठेवून गेली.

बापुजी माझ्या हातचा चहा पीत नाहीत. शेजारच्या घरून मागवतात.

आता तू सांग. तिनं तुझं नाव का घेतलं? तुम्ही दोघी मिळून काय शिजवताय? तूही त्यात आहेस का? खरं लिही. एकदाचं कळू दे माझं कोण आहे आणि कोण नाही.

भूपत

कडी, २७ जानेवारी २००३

मोटाभाई,

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकतेय, यांच्याकडे देत नाही.

भाभींनी काही शिजवलं नाही. मीही नाही. भाभी त्या बायकांना काय म्हणाल्या ते मी फोन न करता सांगते. म्हणाल्या असतील, बेन, तुमची जागा मागं, एकदा बसून बघा. दुकानदाराची बायको गिऱ्हाइकाला माल दाखवते, यात फितुरी कसली?

बहुचराजीला गेलो तेव्हाचं मी तुम्हाला 'जाऊ दे' म्हणून लिहिलं होतं. आता लिहिते. लाज वाटते, पण भाभीचं घर मोडण्यापेक्षा माझी लाज गेलेली बरी.

दाराशी सगळा शेजार बघायला जमलेला. जुन्या जीपला मागं दार असतं. आम्ही सुना मागून चढतो, मागून उतरतो, वडीलधारी पुढच्या बाजूला. कोण कधी चढलं ते कुणाला दिसतही नाही. संगाथला मागं दार नाही, झाकण आहे, आणि ते सीटच्या पाठीमागं. आत जायची वाट एकच, सासऱ्यांच्या सीटवरून. म्हणून आधी सासरे खाली उतरले. थोरले दीर उतरले. दिरांनी खटका ओढून सीट दुमडून धरली. म्हणजे दोघेही दाराला लागूनच उभे, आणि त्या दोघांच्या मधून मला जायचं. सासऱ्यांना ज्या सुनेचा अंगठासुद्धा दिसू नये म्हणतात, ती मी. पदर हनुवटीपर्यंत ओढून घुंगट घेतलेला, आपण म्हणतो तशी लाज काढलेली, पुढचं काही दिसत नाही. एका हातानं पदर धरायचा, दुसऱ्यात पेंगुळलेली पिंकी. पाय ठेवायची जागा गुडघ्याएवढी उंच. आणि आत शिरायचं ते कमरेत वाकून, त्या दोघांकडे पाठ करून. भाई, तुम्ही माझे भाऊ आहात, याहून जास्त लिहवत नाही.

उतरताना साडी खटक्यात अडकली. मी आत वाकलेली, साडी सुटेना. दीर सीट सोडूही शकत नव्हते. सासरे तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले, भल्या माणसासारखे. देवळाच्या दारात, सगळ्यांसमोर. शेवटी जाऊबाईंनी ती दातांनी फाडली.

त्यानंतर घरचे जेव्हा जेव्हा संगाथमधून निघतात तेव्हा माझं डोकं दुखतं. जाऊबाईंना पित्त होतं. अजून कुणी विचारलेलं नाही, दोघींना एकदम कसं होतं?

पिंकीच्या पप्पांना मी त्याच रात्री सांगितलं. ते म्हणाले, पायरी खाली घेऊ. गुडघ्याला किती जागा लागते ते त्यांनी अकरा वर्षं मोजलं. लाजेला किती लागते, ते कुणी त्यांना सांगितलं नाही आणि मी सांगितलं तेव्हा त्यांना पायरी ऐकू आली.

आता तुमच्या त्या दरबारांचं. घरी जाऊन सुनेनं सासूच्या कानात सांगितलं असेल, सासूनं नवऱ्याच्या. तो नवरा तुमच्या दुकानात फोन करून काय सांगणार होता? भूपतभाई, माझ्या सुनेला माझ्यासमोर चढता येत नाही? जीभ झडली तरी सांगणार नाही. ॲव्हरेज म्हणाला. सगळेच म्हणाले. आणि कंपनीनं सगळ्यांचं खरं मानलं.

भाभीनं पहिल्या दिवशीच ओळखलं असेल. तुम्हाला सांगायची तिची हिंमत झाली नसेल, आणि सांगितलं असतं तरी तुम्ही म्हणाला असतात, भावाची तरफदारी करते. तेच म्हणालात की.

जसदणला जा. सुनेला आणायला घरातलं वडील माणूस लागतं, तेव्हा बापुजींना घेऊन जा. आणि संगाथमधूनच जा. जाण्याआधी एकदा शटर ओढून घ्या, डोक्यावरून ओढणी घ्या आणि मागच्या सीटवर चढून बघा.

रंजन

गोंडळ, १४ फेब्रुवारी २००३

चि. रंजनबेन,

शटर ओढलं. जशुची जुनी ओढणी घेतली, हनुवटीपर्यंत ओढली, एका हातात हिशेबाच्या वह्यांचं गाठोडं धरलं, पिंकी म्हणून. कपाळ छताला आपटलं. धोतराचा सोगा खटक्यात गेला आणि मी आडवा झालो. तेवढ्यात मागच्या दारानं चंदु आला. त्याला मीच निरोप पाठवला होता, माफी मागायला. तसा ओढणीतच त्याच्या पायाशी पडलेलो होतो, म्हणून वेगळी मागावी लागली नाही. तो म्हणाला, "शेठ, माझ्या बायकोनं दसऱ्यालाच सांगितलं होतं. मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?" म्हणजे गावात ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला.

रविवारी बापुजींना घेऊन जसदणला गेलो. ते मधल्या सीटवर, पागोटं नीट बांधून. जसदणच्या घरी सासूनं आम्हाला लापशी घातली, पण माझ्या पानात तूप वाढताना तिचा हात आखडला. मी जशुशी बोलायला दोनदा माजघरापर्यंत गेलो. ती हेतलच्या वेण्या घालत राहिली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, बापुजी न्यायला आलेत म्हणून येते.

निघताना अख्खी गल्ली दारात. जशु लाज काढून बाहेर आली. बापुजी रिवाजानं खाली उतरले. मी खटका ओढून सीट धरली. आणि जशु जागची हलली नाही. एक पाऊल मागं नाही, पुढं नाही. रंजन, तुझं पत्र वाचलेलं असूनही मला तेव्हाच खरं दिसलं. मी एवढा मोठा बाप्या, मला कुठं बघावं कळेना.

बापुजींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सीटकडे. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. ते सुनेशी थेट कसे बोलणार? माझ्या सासूकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, सुनेला सांगा, मागं मी बसतो."

पागोटं काढून माझ्या हातात दिलं आणि चढायला लागले. पंचाहत्तरीचे गुडघे. अर्ध्यात अडकले, मी खालून आणि हेतलनं वरून ओढून त्यांना आत घातलं. पुढं मी आणि हेतल, मधल्या सीटवर जशु एकटी, महाराणीसारखी. आटकोट गाव मागं पडलं. मग मागून बापुजींचा आवाज आला.

"भूपत, ही गाडी कुणी आखली?"

"तुमच्या जमाईनं."

"त्याच्या घरात सून नाही?"

मी म्हटलं, "आहे की. आपली रंजन."

गोंडळला आम्ही उतरलो. बापुजी डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. मागच्या सीटला खिडकी उघडत नाही, धूळ कुठून जाणार?

जशुनं घरी येऊन किल्ल्या उचलल्या. माफ केलं असं म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की शोरूमवर येईन, पण चहा आता तुम्ही करायचा. मी करतो. बापुजी तोच पितात.

आता घाई कर. भावेशकुमारांना हे दाखव, पायरी नको म्हणावं, मागं दार पाडा, जुन्या जीपसारखं. त्यांनी मोठ्या साहेबांपुढं एकदा खरं बोलावं. मार्च लांब नाही. त्यांच्यावर मी जो संशय घेतला, त्याबद्दल त्यांची क्षमा माझ्या वतीनं तूच माग.

भूपत

कडी, २५ मार्च २००३

पूज्य मोटाभाई,

उत्तराला उशीर झाला. संगाथ बंद झाली, हे तुम्हाला कंपनीच्या कागदावरून कळलंच असेल. ट्रॅक्टरवाल्यांनी तुम्हाला परत घेतलं, चंदुसकट, हे भाभीनं कळवलं. बरं वाटलं.

तुमचं पत्र मी त्यांना दाखवायला गेले तर ते म्हणाले, वाचलंय. तुमची पत्रं आधी तेच उघडत होते, आणि मी टाकायला दिलेलीसुद्धा. कारखान्यातल्या गोष्टी मी तुम्हाला कळवते आणि तुमच्याकडून त्या राजकोटला जातात, असा त्यांना वहीम होता. मी तेव्हा घेतलं नव्हतं ते नाव यांचंच. काय म्हणू? तुम्ही दोघे एकाच मातीचे, दोघांनाही चोर शोधायला घरातल्या बाईपलीकडे जावं लागत नाही.

तर त्याच्या घरात सून नाही का, हे आपल्या बापुजींनी विचारलेलं त्यांनी वाचलं होतं. आणि त्यानंतर ती शेवटची बैठक झाली. मुंबईहून मोठे साहेब आले होते. बंद करण्याआधी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, गाडी का चालली नाही? यांची पाळी आली. हे उभे राहिले. आणि म्हणाले, ॲव्हरेज.

मला त्यांनी स्वतः सांगितलं, लपवलं नाही. म्हणाले, "पन्नास लोकांसमोर कसं सांगू, की माझ्या बायकोला माझ्या बापासमोर चढता येत नाही?" मी उठले. खिचडी गरम करून दिली. त्यांना गोदामाच्या कामावर टाकलंय. खरं सांगते, मला दया येत होती आणि रागही, दोन्ही एकदम.

आता परवाचं सांगते. होळीनंतरच्या रविवारी बहुचराजीला जायचं ठरलं. अंगणात संगाथ उभी होती, कारखान्यानं शेवटच्यातली एक स्वस्तात यांना दिलीय. सासूबाई पुढं बसल्या. सासरे मधलं दार धरून उभे. जाऊबाई पित्त घेऊन आतल्या खोलीत गेल्या. यांनी माझ्याकडे न बघता सवयीनं म्हटलं, "बापुजी, रंजनचं डोकं दुखतंय, आपण निघू."

मी लाज काढून ओसरीच्या खांबाआड उभी होते. पिंकीला हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हटलं, "पिंकी, आजोबांना सांग, आईचं डोकं दुखत नाही. कधीच दुखत नव्हतं. या गाडीत सुनेला चढता येत नाही."

पिंकीनं शब्दाला शब्द सांगितलं. पोरच ती.

सासऱ्यांनी दाराकडे बघितलं, सीटकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं. तेवढ्यात हे पुढं झाले.   गाडीची किल्ली काढली, बापाच्या हातात ठेवली आणि पहिल्यांदा खरं बोलले. म्हणाले, "बापुजी, मला माहीत होतं. चूक गाडीची आहे, ॲव्हरेजची नाही."

सासरे झोपाळ्यावर जाऊन बसले. मला वाटलं, गेलं सगळं. थोड्या वेळानं त्यांनी पिंकीला नाक्यावर पिटाळलं, छकडा बोलवायला, ती फटफटीमागं पाट जोडलेली तीनचाकी. छकडा आला. पुढं फटफटीवाल्याच्या बाजूला सासरे, मागच्या पाटावर आम्ही सुना, पोरं, सासूबाई. मागून चढलो, पदरसुद्धा हलला नाही. जाऊबाईंचं पित्त वाटेतच उतरलं. हे, संगाथ आखणारे, मागं फळीवर पाय लोंबकळवत बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचं डोकं दांडीवर आपटत होतं. मी खूप दिवसांनी पदराआड हसले. त्यांना दिसलं नसेल, पण कळलं असावं, कारण तेही हसले.

बहुचराजीपर्यंत छकडा ॲव्हरेज किती देतो, ते कुणी विचारलं नाही.

तुमची,
रंजन